शून्याला अर्धा सेंटिमीटर

– नाही, हात अजून खाली नाही करायचे. असेच आडवे धरा, आणि हलू नका बाई, अंगावर बावीस टाचण्या आहेत, एक लागली की म्हणाल टेलरबाईनं मुद्दाम टोचली. मुद्दाम टोचायची असती तर मापं घेतानाच नसती का टोचली? मी तशी नाही. मी बोलायचं ते तोंडावर बोलते आणि टाचणी कापडातच लावते. तर मी काय म्हणत होते – हां, वही. ती समोर कापडं कापायच्या टेबलावर तपकिरी कव्हरची वही दिसतेय? ओळखलीत ना. ओळखणारच, तुमच्याच लाल शाईनं माखलीय. आमच्या धाकटीची भूगोलाची प्रात्यक्षिक वही. आज वार कुठला? गुरुवार. सोमवारी परीक्षा. आणि वहीवर तुमची सही नसेल तर पोरीला परीक्षेला बसू देणार नाही, असं तुम्ही भर वर्गात सांगितलंत – सांगितलंत ना? मान नका हलवू, कॉलर सरकते. नुसतं हूं म्हणा.

आणि असं डोळे वटारून बघू नका, ही काही दमदाटी नाही. कोट तुमचा शनिवारी सकाळी मिळणार म्हणजे मिळणार, पोरगी परीक्षेला बसो नाहीतर घरी बसो. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीसाठी मुलाखत द्यायची म्हणजे खांदा कसा, करकरीत बसला पाहिजे, तो मी बसवून देईन. माझं काम वेगळं आणि माझं भांडण वेगळं, दोघांची मी गाठच पडू देत नाही. पण आता योगच असा आलाय की तुम्ही स्टुलावर उभ्या, बाह्या लागेपर्यंत तुम्हाला उतरता यायचं नाही, आणि बोलायला लागलात तर छाती वरखाली होऊन माप बिघडेल – मग बोलणार कोण? मीच बोलणार. तुम्ही बसा ऐकत. म्हणजे, उभ्या राहा ऐकत.

आता हे बघा, मी चौथी शिकलेय, तीही पूर्ण नाही, पण लाल शाई मला वाचता येते. लाल शाई कुणालाही वाचता येते. पान सत्तावीस. वर धाकटीच्या अक्षरात ‘मासिक पर्जन्य आणि तापमान’, खाली आलेखाचा कागद चिकटवलेला, आडव्या रेघेवर बारा महिने, उभ्या रेघेवर पाऊस, एक सेंटिमीटर म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस. निळे उभे पट्टे पावसाचे, लाल रेघ उन्हाची. इथवर सगळं छान. आणि मग तुम्ही. जानेवारीवर प्रश्नचिन्ह. फेब्रुवारीवर प्रश्नचिन्ह. डिसेंबरवर तर दोन – डिसेंबरनं तुमचं काय घोडं मारलं होतं? आणि खाली, थांबा, वाचते – ‘शून्य पावसाला स्तंभ कसा? हे काम स्वतःचे नाही. सही मिळणार नाही.’ संपलं. तीन ओळी. तीन ओळींत पोरीचं वर्ष निकालात.

स्वतःचे नाही म्हणे! अहो, ह्या टेबलावर, ह्या टेबलावर बसून काढलंय तिनं, गेल्या मंगळवारी, मी ह्या इथे, ती तिथे, मध्ये एक शेरवाणीभर कापड पसरलेलं – बरं, शेरवाणी नसेल, पडदे होते, पण मी समोर होते. पट्टी माझी, पेन्सिल तिची, खोडरबर दोघींचा. दुसऱ्याकडून काढून घेतलं म्हणता तर घेणार कोणाकडून? तिच्या त्या मैत्रिणीकडून? तिला सरळ रेघ मारता येत नाही, परवा आली होती झगा घालून, कडेची शिवण अशी गेली होती जशी डोंगरातली वाट. नाही, शिवण तिची नव्हती, पण काढायला कुणी सांगितली तशी? आवड कळते माणसाची.

काय? हळू बोला, पोटातून बोला, छातीतून नको.

असं? बाराही पट्टे उंच आहेत? सगळेच्या सगळे? दहा-दहा मिलिमीटरनी. म्हणजे कागदावर अर्धा सेंटिमीटर. आणि धाकटीनं खाली उत्तरात लिहिलंय की जानेवारी, फेब्रुवारी, डिसेंबर कोरडे, पाऊस शून्य – आणि वर पट्टा दाखवतोय दहा. हां. म्हणजे उत्तर एकाचं आणि आलेख दुसऱ्याचा. असं तुम्ही ताडलंत. हुशार आहात हो. नाही, टोमणा नाही, खरंच हुशार आहात, मलाही एखादीनं दुसऱ्या टेलरकडून बाही उसवून आणली की दोऱ्यावरून कळतं. पण बाई, हुशार असलात तरी जरा व्यवहार बघा की. जास्तच आहेत ना पट्टे? कमी तर नाहीत? कमी असते तर मी गप्प बसले असते. कमी पडलेलं जोडता येत नाही, जास्त असलेलं दुमडून घेता येतं – हे पहिल्या दिवशी शिकवतात मशीनवर बसायच्या आधी. आता कडेनं रेघ मारायची, आत रंग भरायचा, रंग कागद ओढून घेतो, एवढं सगळं करायचं तर नेमक्या मापावर कापून कसं चालेल? कापडाला मी इंचभर माया ठेवते, शिवणीसाठी, पुढे अंग भरलं तर सोडायला. इथे कागद एवढासा, म्हणून अर्धा सेंटिमीटरच ठेव...

...

गुडघा वाकवू नका. सरळ उभ्या राहा.

हसताय कशाला? मी काय म्हटलं? मी म्हटलं, ठेवते. ठेवतात. शिवणकामात ठेवतात. सर्वसाधारण सांगत होते.

बरं. बरं बाई. खाई त्याला खवखवे. नका बघू अशा. मी ठेवली. मीच ठेवली अर्धा सेंटिमीटर माया, बाराच्या बारा पट्ट्यांना, सारखी, पट्टी लावून, कुठे केसभर फरक नाही – तुम्ही मोजलंतच ना, कुठे फरक आढळला? नाही ना? तेच सांगते, हातात सफाई आहे. पोरगी आलेख काढून उठली, कोपऱ्यावरून काळा दोरा आण म्हटलं म्हणून गेली, वही उघडी टेबलावर. मी पडदे कापत होते. जाता-येता नजर पडते आपली. बघते तर काय, पोरीनं एवढे बारीक पट्टे काढलेत, एकदम घट्ट, मापाला माप, श्वास घ्यायला जागा नाही. म्हटलं, झालं, ही पोरगी नापास होणार, हिनं माया ठेवलीच नाही. आणि दोरा घेऊन यायला तिला फार तर वीस मिनिटं. मग काय, खोडलं आणि काढलं. आई आहे मी. बाहेर निघालेल्या पोरीची लोंबणारी कड दिसली तर तुम्ही टाका घालणार की नाही?

जानेवारीचं म्हणता – तिथे रिकामी जागा होती. मला काय ठाऊक शून्य! मला वाटलं विसरली. पोरं विसरतात. म्हटलं, आपण भलताच पाऊस कशाला पाडा, आपल्याला आकडा माहीत नाही, नुसती माया तेवढी ठेवून देऊ, पुढेमागे पाऊस पडलाच तर भरायला जागा – हसू नका हो! टाचण्या! काखेतली सुटली बघा. थांबा. हात वर. हं. मुख्याध्यापिका व्हायला निघालात आणि हसता काय अशा स्टुलावर. आणि डिसेंबरला दोन प्रश्नचिन्हं का, ते आत्ता कळलं मला, तिथे पट्टा जरा रुंद झालाय. शेवटचा होता. कापडाचा शेवट आला की मी नेहमी जरा सैल सोडते.

आणि ती लाल रेघ, उन्हाची, तीही माझीच. विचारलं नाहीत तरी सांगते, आता सांगायचंच तर अर्धं कशाला. धाकटीनं बिंदू सरळ जोडले होते, टोकं टोकं, करवतीसारखी. असा बाहीचा मुंढा मी काखेशी शिवला तर गिऱ्हाईक कातरी घेऊन मागे लागेल. मग मी ती आकाराची पट्टी घेतली – ती, खुंटीवरची – आणि मार्चपासून जूनपर्यंत एकच झोकदार वळण दिलं. ती तर चांगलीय ना? सांगा ना, खरं सांगा. एप्रिलला बिंदू जरा बाहेर राहिलाय? राहू दे की. एका महिन्यासाठी सगळा आकार बिघडवायचा?

म्हणजे तुम्हाला वाटेल, ही बया अडाणी, हिला आलेखातलं काय कळतं. तर तसं समजू नका. कपाटाचं ते दार उघडं आहे ना, त्याच्या आतल्या बाजूला बघा. मान नका वळवू, डोळे वळवा. दिसले कागद? माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत ती. प्रत्येकीचा एक आलेख. आडव्या रेघेवर वर्षं, उभीवर इंच. धाकटीनंच शिकवलं मला, दोन वर्षांपूर्वी. माझी मापांची वही बघून म्हणाली, आई, ह्या आकड्यांच्या गर्दीत तुला काही दिसतं का? म्हटलं, आकडे दिसतात. म्हणाली, माणसं दिसायला पाहिजेत. आणि मग तिनं मला बसवलं, इथेच, संध्याकाळी, अक्ष काय, प्रमाण काय, बिंदू कुठे ठेवायचा. दोन आठवडे लागले. एकदाही ओरडली नाही माझ्यावर. मी तिला बटण लावायला शिकवताना दिवसात तीन वेळा ओरडले होते. मला आयुष्यात शाळेतलं एवढं एकच आलं बाई, आलेख. चौथीत गेले, आणि मग घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला राहिले, त्यामुळे पुढे काय असतं ते माहीतच नव्हतं. आलेख पुढे होता. फार छान गोष्ट ठेवलीय तुम्ही लोकांनी पुढे. आधी ठेवली असती तर मी सोडली नसती शाळा.

तुमचाही आहे की. तो तिसरा, हिरव्या रेघेचा. सहा वर्षं शिवताय माझ्याकडे, तुमची कंबर आहे ती. लाजायचं काय त्यात, भूगोलाच्या बाई तुम्ही, डोंगर-दऱ्या काय नव्या आहेत? आता विचारा मला प्रश्न, पेपरात विचारता तसे. ‘आलेखाचे निरीक्षण करा आणि उत्तरे लिहा.’ सर्वांत जास्त कंबर कोणत्या वर्षी? चालू वर्षी. कंबरेतील वाढ सर्वांत वेगाने कधी झाली? गेल्या दोन वर्षांत, चढ बघा, दम लागेल चढताना. सर्वांत कमी कधी? तिसऱ्या वर्षी. एकदम अडीच इंचांचा उतार, सरळ कडा. आता कारण द्या – दोन गुण. तेव्हा तुम्ही दोन ब्लाउज टाकलेत शिवायला आणि न्यायला आलाच नाहीत चार महिने, आणि आलात तेव्हा दोन्ही सैल, पुन्हा आत घ्यावे लागले. मी तेव्हा काही विचारलं नाही. पुढे धाकटीनं आलेख शिकवला, मी तुमची मापं मांडली, ती दरी दिसली, आणि मी तिला म्हटलं, ह्या बाईंचं त्या वर्षी कुणीतरी गेलंय. आई ना?

...

हं. मला रेघेनंच सांगितलं. वहीत तो आकडा होताच की, अठ्ठावीस, पण वहीत तो नुसता अठ्ठावीस होता.

पुसा डोळे, पण कोपरापासून हात हलवा, खांद्यापासून नको. वर यायला दोन वर्षं लागली तुम्हाला, तेही दिसतं. आता चांगल्या आलात वर. आता जरा थांबवा म्हणा तिला, कोटाला मी दीड इंच माया ठेवलीय पण मलाही मर्यादा आहेत.

तर सांगायचं काय, मला कळतं. वाचता येतं. काढताना चुकलं ते – बरं, चुकलं. पण शिक्षा मला करा ना. मी येऊन उभी राहते वर्गाबाहेर. तिच्या सहीला का हात आखडता? ह्यांनी – माझ्या नवऱ्यानं – कालच सांगून टाकलं, वर्ष गेलं तर गेलं, मशीनवर बसव, तुलाही हात होईल. मी म्हटलं, माझ्या मशीनवर मी कुणाला बसू देत नाही. म्हटलं खरं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण बसली तर ती चांगलीच शिवेल हो, तीच तर भीती आहे. चांगलं शिवणाऱ्याला कुणी मशीनवरून उठू देत नाही. मला कुठे उठू दिलं? तिला जमिनीची मोजणी करायचीय. नकाशे काढणार म्हणते. म्हणते, आई, तू अंगाची मापं घेतेस, मी डोंगराची घेईन.

काय म्हणता? विचारलं होतंत? तिला उभी करून? कुणी काढलं विचारलंत, आणि ती काय म्हणाली? काहीच नाही? एक अक्षर नाही? किती वेळ उभी होती?

तास संपेपर्यंत.

मला नाही सांगितलं. मला म्हणाली, बाईंनी सही दिली नाही, बस. मूर्ख पोरगी. तोंड शिवलं होतं का! सांगायचं की, माझ्या आईनं काढलं म्हणून, काय गळा कापणार होते तुम्ही? घरी माझ्याशी टकाटका बोलते, शेजारणीशी भांडते, आणि शाळेत मुकी? अशानं कशी मोजणार डोंगर? आणि मला तरी सांगायचं, आई, हे बरोबर नाही. त्या दिवशी दोरा घेऊन आली, मी मोठ्या तोऱ्यात वही पुढे केली – बघ, म्हटलं, कशी दुरुस्त करून दिली – तर बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली. शेवटी म्हणाली, छान झालंय, आई. आणि दप्तरात घातली वही. छान झालंय म्हणाली! म्हणजे तिलाही कळलं नसणारच की माया ठेवायची नसते, तिलाही...

नाही. तिला कसं नाही कळलं? तिनंच तर शून्य लिहिलं होतं खाली. तिनंच मला शिकवलं की बिंदू जिथे आहे तिथेच असतो.

तिला बघता क्षणी कळलं होतं.

थांबा. जरा थांबा हं, ही टाचणी... सुई कुठे ठेवली मी.

पहिल्या पट्ट्याला कळलं असणार. बारा पट्टे चुकीचे, उद्या वही द्यायची, खोडायला वेळ होता तिच्याजवळ, अख्खी संध्याकाळ होती. माझ्या पाठीमागे पुन्हा काढता आले असते. पण पुन्हा काढले असते तर मी बघितले असते. मी रोज बघते तिची वही. तिला माहीतय. दोन आठवडे शिकवलंन् मला, कपाटाच्या दारावर माझे कागद स्वतः चिकटवलेन्, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते माझी आई आलेख काढते. आणि मग मला सांगायचं, आई, तुला नाही आलं? त्यापेक्षा तास संपेपर्यंत उभी राहिली. एका सहीपायी वर्ष सोडायला निघाली. माझ्या चुकीला छान म्हणून.

ह्याला काय म्हणायचं बाई? तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा. मला तर तिच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटतंय. आणि मग...

हे बघा, उतरा खाली. उतरा, बाह्या गेल्या खड्ड्यात, नंतर लावते. जपून, डावा पाय आधी. खिडकीशी चला, उजेडात. मला दया नकोय तुमची. ‘जाऊ दे, आईनं काढलंय, करून टाकते सही’, असली सही मला चालायची नाही, आणि तिलाही नाही. तुमच्या ओळी खऱ्या आहेत की खोट्या, ते पुराव्यानं ठरू दे. तुम्ही लिहिलंत, काम स्वतःचे नाही. हा कागद वहीवरून सोडवते, चिकटवलाय तरी निघेल, उसवायचं काम माझं आहे – हे घ्या. आता उलटा करा. उलटा. वरून मी सगळं झाकलंय, रंग भरलाय, वरून काही दिसायचं नाही. पण उसवलेल्या शिवणीची भोकं कापडाच्या मागून दिसतात, आणि धाकटी पेन्सिल दाबून धरते, लहानपणापासून, कितीदा ओरडले मी त्यावरून. बोट फिरवा मागून. जुलै घ्या, सगळ्यात मोठा पट्टा. लागली रेघ? ती वरची माझी. आता खाली या. खाली, खाली – अर्धा सेंटिमीटर.

लागली?

तिची आहे. आता ऑगस्ट. आता सप्टेंबर. दोन-दोन रेघा आहेत ना सगळीकडे? मोजा, तुम्हाला आवड आहे मोजायची. माझी टेप नको, इंचाची बाजू वर आहे, तुमची पट्टी काढा पर्समधून. आणि आता जानेवारी. फिरवा बोट. एकच आहे. डिसेंबर? एकच. ती माझी. तिथे तिनं पेन्सिल टेकवलीच नव्हती, कारण शून्य होतं, कारण तिला येत होतं. आहे की नाही नऊ महिने पाऊस, तीन महिने कोरडे, तिनं खाली लिहिलंय तसं? उत्तर एकाचं आणि आलेख दुसऱ्याचा म्हणालात ना? आलेखही तिचाच होता बाई. मी फक्त वरून आले.

...

बोला की काहीतरी. आता बोलायला काय हरकत आहे, आता थोडीच माप घेतेय मी.

लाल पेन कशाला काढताय? अजून काय राहिलंय लिहायचं? – टेबलावर टेका वही, कापडावर नको, शाई उतरते. काय लिहिलंत? नाही, मी वाचते, मला वाचता येतं. ‘मूळ आलेख... विद्यार्थिनीचा असून... अचूक आहे. वरची वाढ... पालकांची.’ पालकांची! आणि खाली सही. आणि हे काय, पंधरापैकी तेरा? दोन कापलेत? कशाचे? अस्वच्छतेचे! अहो ती अस्वच्छता माझी आहे, तिचे का कापता? खोडलं मी, रंगवलं मी – एक करा. एक कापा. बरं, एकसुद्धा – नाही? नियम म्हणजे नियम? हं. व्हाल हो तुम्ही मुख्याध्यापिका, काही काळजी करू नका. मीही हेच केलं असतं. कापा दोन.

आणि ही खालची रेघ कसली, ठिपक्यांची? पालकांची सही. ती आमचे हे करतात. तिच्या वहीवर, प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे ह्यांचीच असते, आठ वर्षं झाली, मी फक्त वही पुढे सरकवते. नाही, येते मला सही, येते कशी नाही. पण इथे करायची म्हणजे वरचं सगळं कबूल केल्यासारखं झालं ना. वरची वाढ पालकांची. ती उद्या वही उघडणार, आणि हे वाचणार, आणि खाली माझं नाव.

आणा ते पेन.

असं. जरा वाकडं आलं शेवटी. राहू दे, खोडत नाही आता.

चला, कोट उतरवा. बाह्या उद्या. पाठ फिरवा, मी काढते, टाचण्या मला माहीत आहेत कुठे आहेत. आणि निघा लगेच, चहाबिहा काही नाही आज, पोरगी यायची वेळ झाली, तुम्ही तिला इथे दिसायला नकोत. उद्या या, संध्याकाळी, नाहीतर शनिवारी सकाळी नेऊनच या – घेऊनच जा. काय? काय सांगणार तिला? तेच तर ठरवायचंय मला ती दारात यायच्या आत, आणि तुम्ही दार अडवून उभ्या आहात. जा बाई. जा आता.